वाघाटीवाली रुबिना

आमच्या जुन्नरात मांजरांचा अभ्यास करणारी बाई म्हटलं की लोक एकदम सावरून बसतात, कारण मांजराच्या जातीचं एकच जनावर सगळ्यांच्या डोक्यात आहे आणि ते म्हणजे बिबट्या. माझी धाकटी बहीण रुबिना लग्नाकार्याला गेली आणि बिर्याणीचं ताट हातात आलं की कुणीतरी खुर्ची ओढून शेजारी बसतो. "काय रुबिनाबाई, आमच्याकडच्या बिबट्याचं काय करायचं मग?" ती शांतपणे सांगते की मी बिबट्यावर काम करत नाही. समोरच्याचा चेहरा पडतो. "मग कशावर?" "लहान मांजरांवर. वाघाटी, रानमांजर, अशी." त्यावर तो माणूस तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघतो. बहिणीला एवढं शिकवलंत आणि शेवटी मांजरं, असं त्या बघण्यात असतं. मी मान खाली घालून भातात बटाटा शोधत राहतो.

मी परवेज. जुन्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं गाद्यांचं दुकान आहे. अब्बा हाताने कापूस पिंजायचे. मी मशीन आणलं आणि एक जुना टेम्पो घेतला. वसतिगृहापासून नव्या नवरीपर्यंत सगळ्यांच्या गाद्या आम्ही भरतो. घरात आम्ही दखनी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि रुबिना फारच चिडली तर इंग्रजी. इथे मी सगळं मराठीतच लिहितोय, कारण शाळेत लिहायला तेच शिकलो आणि बिलंही त्यातच फाडतो.

वाघाटी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ह्या तालुक्यात जन्म गेला तरी मला ते माहीत नव्हतं, तेव्हा तुम्हाला नसलं तर लाजायचं कारण नाही. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही एक. पूर्ण वाढलेली मादी आपल्या घरच्या मांजरीपेक्षाही लहान, वजनाला फार तर दीड किलो. अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा, कान छोटे आणि गोल. दिवसा ती उसात, झाडाच्या ढोलीत नाहीतर खडकाच्या फटीत पडून असते आणि दिवस मावळला की उंदरांच्या मागे निघते. आमच्याकडे ऊस अमाप, उसात उंदीर अमाप, म्हणून तीही आहे. पण उसात ठिपक्यांचं पिल्लू सापडलं की ते बिबट्याचंच, ही आमच्याकडे पक्की समजूत. दोघांची पिल्लं शेजारी शेजारी ठेवली तर फरक लगेच कळतो. पण शेजारी आणून ठेवणार कोण?

रुबिनाही आधी बिबट्याच्याच मागे होती. पुण्याला शिकताना ती एका मोठ्या अभ्यासगटात काम करायची. बांधावर कॅमेरे बांधायचे, जनावर समोरून गेलं की फोटो आपोआप निघतो, आणि मग कॉम्प्युटरवर बसून फोटो निवडायचे. बिबट्याचे ठेवायचे आणि बाकीचे, म्हणजे कुत्री, कोल्हे, मांजरं, बांधावर बसलेली माणसं, असे सगळे काढून टाकायचे. हे काढून टाकायचं काम नव्या मुलांच्या गळ्यात पडतं, तसं ते रुबिनाच्या पडलं. तिने काही टाकलं नाही. आमच्या घरात कापसाचा चुरासुद्धा कधी टाकलेला मी पाहिला नाही, अब्बा त्याच्या उशा भरायचे. कदाचित हे तिथूनच आलं असेल. गटाच्या साहेबांना विचारून ते टाकाऊ फोटो तिने घरी आणले आणि ईदची सगळी सुट्टी त्यांच्यासमोर बसून घालवली.

त्यातल्या एका फोटोत वाघाटी होती. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती थेट कॅमेऱ्यात बघत होती, आपल्या वाटेत हे काय आणून ठेवलंय असा चेहरा करून. रुबिनाने मला हाक मारून तो फोटो दाखवला. मी म्हटलं, मांजर आहे.

"मांजर आहे ते बरोबर, भाईजान," ती म्हणाली. "पण ही काय खाते, किती फिरते, पिल्लं कुठे घालते, हे आपल्याकडे कुणालाच नीट माहीत नाही."

कुणालाच माहीत नसण्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला काही माहीत नसलं तर आम्ही खूश होतो, पण ती गोष्ट वेगळी.

पुढे ह्याच मांजरीवर तिने डॉक्टरेट केली. आता पुण्यात नोकरी करेल, नाहीतर परदेशात जाईल, असं सगळ्यांनी धरलं होतं. ती बॅगा घेऊन जुन्नरला परत आली. माझी मांजरं इथे आहेत, म्हणाली. आमच्या अम्मीने, जैबुन्निसाबींनी, कपाळाला हात लावला आणि मग खिमा करायला घेतला, कारण पोरगी घरी आली होती.

तिचं काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही. मोटारसायकलवरून घोडेगावच्या वरच्या वाड्यांपासून आळेफाट्याच्या माळापर्यंत ती बांधाबांधाने हिंडते, मांजरांची वाळलेली विष्ठा कागदाच्या पुड्यांत भरून आणते, आमच्या गच्चीवर उन्हात ठेवते, मग धुऊन गाळून त्यात कुणाचे दात आणि कुणाचे केस निघतात ते बघते. एकदा अम्मीच्या शेवया गच्चीच्या ह्या टोकाला वाळत होत्या आणि रुबिनाच्या पुड्या त्या टोकाला. वारा सुटला. त्या वर्षी आम्ही शेवया बाजारातून आणल्या. चहाची गाळणी दोनदा गच्चीवर सापडल्यापासून अम्मी गाळणी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवते. पाहुणे आले की आधी किल्ली शोधतो आणि मग चहा होतो.

एवढी चेष्टा करतो, पण एक दिवस मी विसरलेलो नाही. आळेफाट्याच्या एका हॉटेलवाल्याने पेंढीच्या ढिगात सापडलेली दोन पिल्लं आठवडाभर सांभाळली होती. माणूस चांगला, जीव लावून सांभाळलं, म्हशीचं दूध पाजलं. पोट बिघडून ती मलूल झाली तेव्हा वनखात्यामार्फत ती रुबिनाकडे आली. तोपर्यंत फार उशीर झालेला. अम्मी, जी मांजराला उंबऱ्याच्या आत घेत नाही, ती त्यांना मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्याने औषध पाजत बसली. एक पहाटे गेलं, दुसरं दुपारी. अम्मी रडली. रुबिना रडली नाही, तिने दोन्ही पिल्लांची मापं घेतली, वजनं केली. त्यानंतर ती एकच गोष्ट जिथे जाईल तिथे सांगत सुटली. पिल्लू सापडलं तर घरी नेऊ नका, काही पाजू नका, जिथे सापडलं तिथेच परत ठेवा. आईशिवाय ती जगत नाहीत.

आता खरी गोष्ट. ही मागच्या हिवाळ्यातली आहे आणि मी स्वतः तिथे होतो, तेव्हा ऐकीव काही नाही.

घोडेगावच्या एका वसतिगृहाच्या गाद्या पोचवायच्या होत्या. सकाळी टेम्पो भरत होतो तेवढ्यात रुबिना चपला हातात घेऊनच खाली आली. खडकदऱ्याच्या सुनीलचा फोन आला होता. खडकदरा म्हणजे आंबेगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला, जिथे भातखाचरं संपतात आणि ऊस सुरू होतो असं एक गाव. सुनील तिथला शेतकऱ्याचा मुलगा, बिबट्यापासून कसं वाचायचं ते गावोगाव समजावून सांगणाऱ्या पोरांपैकी. त्याच्या घरच्या उसात काल दुपारी तोड चालू असताना तीन पिल्लं सापडली होती. रात्री त्याने ती आईसाठी परत ठेवली, पण आई आली नाही. त्याने फोटो पाठवला होता. फोटो बघून रुबिना टेम्पोत चढली आणि माझ्या हातातली दोरी काढून घेऊन म्हणाली, "गाद्या मागनं द्या. चला."

आम्ही पोचलो तेव्हा शेताच्या कडेला निम्मं गाव जमलं होतं. बहुतेक ऊस तुटलेला, फक्त ओढ्याकडचा एक कोपरा उभा. तोडणीची टोळी बांधावर भाकरी खात बसलेली. आणि मोकळ्या रानात टोमॅटोचं एक उंच प्लॅस्टिकचं कॅरेट, त्यावर फळी, फळीवर धोंडा.

सुनील पुढे आला. बिचारा रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. "ताई, समदं रीतसर केलं बघा. जागा हलवली न्हाई. उघड्या हातानं धरलं न्हाई. गावातली कुत्री बांधून घातली, कुनाला ह्या बाजूला फिरकू दिलं न्हाई. मागल्या साली बिबट्याची पिल्लं आशीच ठेवली व्हती, आई आली आन घिऊन गेली. ह्या टायमाला का आली न्हाई?"

आमच्या भागात हे आता सगळ्यांना येतं. शहरातल्या माणसाला नवल वाटेल, पण बिबट्याचं पिल्लू सापडलं तर काय करायचं हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे. कॅरेटमध्ये ठेवायचं, वर फळी आणि धोंडा ठेवायचा म्हणजे कोल्हं-कुत्रं आत तोंड घालत नाही, आणि सगळ्यांनी घरात जाऊन दारं लावायची. बिबटीण येते, पंजाने कॅरेट उलटं करते आणि पिल्लू तोंडात धरून निघून जाते.

रुबिना कॅरेटजवळ गुडघ्यावर बसली. आधी आत बघितलं. पिल्लं जिवंत होती, डोळे नुकते उघडलेली, एकमेकांच्या अंगावर गोळा होऊन पडलेली, ओरडायचंही त्राण नसलेली. मग तिने कॅरेटच्या भोवतालची ओली माती बघायला सुरुवात केली आणि हळूच बोट लावून मला दाखवलं. रुपयाच्या नाण्याएवढी पावलं. कॅरेटला चारी बाजूंनी घेर घालून, पुन्हा पुन्हा, एकावर एक. एका बाजूला खालच्या फटीशी माती उकरलेली. प्लॅस्टिकच्या कडेला दोन-चार केस चिकटलेले.

"आली होती," रुबिना म्हणाली. "रात्रभर इथेच होती."

तिच्या तोंडाकडे बघवेना. पिल्लं बिबट्याची नव्हती, वाघाटीची होती. दीड किलोची ती आई, तिच्याहून जड धोंडा, आणि आत ओरडणारी पिल्लं. फटीतून तिला त्यांचं अंग चाटताही येत असेल, पण बाहेर काढता येत नव्हतं. गावाने एवढं चोख काम केलं होतं, एक गोष्ट चुकली नव्हती. फक्त ते बिबट्यासाठी केलं होतं. आमच्या गावांखेरीज ही चूक दुसरीकडे कुठे झाली असती असं मला वाटत नाही.

सुनीलला हे सांगितल्यावर तो खालीच बसला. रुबिनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू त्यांना घरी नेलं नाहीस म्हणून ती अजून जिवंत आहेत," ती म्हणाली. "आज संध्याकाळी पुन्हा ठेवू. मला काहीतरी बुटकं भांडं हवं, तिला आत उतरता येईल असं. आणि तो उभा कोपरा आज तोडू नका. ती त्यातच आहे. तेवढा आडोसा गेला तर उघड्या रानात ती येणार नाही, डोंगराकडे निघून जाईल. पिल्लं आज मिळाली तर ती रातोरात त्यांना ओढ्यापलीकडच्या झाडीत हलवेल."

सुनील म्हणाला, "ताई, माझ्या हातात न्हाई ते. आयेला इचारा."

शेत त्याच्या आईचं होतं, लंकाबाईचं. ती बांधावर उभी राहून सगळं ऐकत होती. उंच, वाळकी बाई, डोक्यावरचा पदर घट्ट. दोन वर्षांपूर्वी ह्याच बांधावर बिबट्याने तिच्या नवऱ्याला, बहिरूला, मोटारसायकलवरून खाली ओढलं होतं. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून दिवस कलला की लंकाबाई उसाच्या बाजूला पाऊल टाकत नाही, हे मला नंतर कळलं. टोळीचा मुकादम सोमाजी तिच्यामागे घाई करत होता. उद्या त्यांचा मुक्काम दुसऱ्या गावाला हलणार होता. एकदा टोळी गेली की परत कधी येईल सांगता येत नाही, ऊस उभ्याउभ्या वाळतो.

रुबिनाने तिला समजावायला घेतलं, आणि माझ्या बहिणीला हे अजिबात जमत नाही. मावशी, हे बिबट्याचं पिल्लू नाही. ही वाघाटी. ही उंदीर खाते, शेतकऱ्याची मित्र आहे, हिच्या विष्ठेत आम्हाला निम्म्याहून जास्त उंदरांचेच दात सापडतात. ती बोलत होती आणि लंकाबाईचा चेहरा दगडासारखा होत चालला होता.

"झालं बोलून?" लंकाबाई म्हणाली. "पोरी, ठिपकं मला बी दिसत्यात. ल्हानपनी समदीच उंदीर खात्यात. तू शिकल्याली हायेस, तुला म्हाईत आसंल. पर रातीची लाईट आली की पानी धराया तू जातीस का? आमी जातो. घरात आमच्या मालकांचा पाय बघून ये, आन मंग मला सांग ही मित्र का कोन ती."

मला वाटलं, झालं, आता रुबिना इंग्रजीत सुरू होणार. पण ती खाली मातीकडे बघत राहिली आणि मग वेगळ्याच आवाजात बोलली.

"मावशी, तुमच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त संध्याकाळी माझ्याजवळ बसा. आमच्या टेम्पोच्या काचा लावून बसू. जी आई येईल ती तुमच्या डोळ्यांनी बघा. बिबटीण आली तर उद्या सकाळी मी कोयता घेऊन तो कोपरा स्वतः तोडते."

लंकाबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. कोयता धरणारे हात आहेत का ते बघत असावी. मग मुकादमाकडे वळून म्हणाली, "सोमाजी, त्यो कोपरा सकाळी घ्या. आत्ता तुटल्याला भरा." आणि आमच्याकडे न बघता घराकडे निघून गेली.

दुपारभर रुबिनाने पिल्लांना सावलीत ठेवलं. खोळ उसवून मी नव्या गादीतला कापूस काढून दिला, त्यात गरम पाण्याची बाटली गुंडाळून तिने ती त्यांच्या पोटाशी लावली. वनखात्याच्या गार्डना फोन करून सगळं कळवलं. ते दुसऱ्या गावात विहिरीत पडलेल्या बिबट्यापाशी अडकले होते, त्यांनी सांगितलं, मॅडम, तुम्ही करा. सुनीलने घरातून बांबूची बुटकी पाटी आणली, लंकाबाई ज्यातून शेण काढते ती. दिवस कलायला लागला तेव्हा रुबिनाने पिल्लं सापडली होती तिथेच, उभ्या उसापासून थोड्या अंतरावर, पिल्लं आत घालून ती पाटी ठेवली आणि वर उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, विरळ पसरलं. मी टेम्पो बांधाच्या वळणावर लावला. माझ्या बाजूला शेत, पलीकडे रस्ता.

लंकाबाई येईल असं मला वाटत नव्हतं. ती आली. सुनील तिला टेम्पोच्या दारापर्यंत सोडून गेला. रुबिना मध्ये सरकली, लंकाबाई रस्त्याच्या बाजूने बसली आणि तिने काच पूर्ण वर केली.

तिघं खांद्याला खांदा लावून बसलो. काचा लावलेल्या, त्यामुळे गाडीत नव्या कापसाचा वास कोंडलेला. मग लंकाबाईच सांगायला लागली, उसाकडे बघतच. "ह्येच येळ व्हती. मालकांची गाडी वाजली म्हनून मी चुलीवरनं भाकर काढली. गाडी वाजत ऱ्हायली आन मानूस काय येईना. मंग मी बाहेर आले." पुढचं तिने सांगितलं नाही. रुबिनाने विचारलंही नाही. तिने आपला हात लंकाबाईच्या हाताशेजारी ठेवला, धरला नाही.

पाटीतून एक बारीक आवाज यायला लागला. ऊब मिळून पिल्लांच्या अंगात जरा त्राण आलं होतं आणि त्यांना भूक लागली होती. ऐकू येण्यासाठी मी माझ्या बाजूची काच बोटभर खाली केली होती. लंकाबाईला तो आवाज ऐकू आला आणि तिने पाटीकडे मान वळवली.

आणि उसाच्या कडेला काहीतरी उभं होतं. ते कधी आलं ते कळलंच नाही. आधी मला वाटलं, मोठा उंदीर किंवा मुंगूस. मग ते एक पाऊल पुढे आलं, थांबलं, परत उसात गेलं, पुन्हा आलं. अजून उजेड होता, कपाळावरच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. ती पोट जमिनीला टेकवून सरकत पाटीपर्यंत आली, पाटीच्या काठावर पुढचे पाय ठेवले आणि आत बघितलं.

"ही?" लंकाबाई कुजबुजली. "हिचीच हायेत ती?"

"हिचीच," रुबिना म्हणाली.

"पिल्लूच दिसतंय की गं हे."

वाघाटीने एका पिल्लाची मान तोंडात धरली आणि ते जमिनीला घासत असताना तशीच ओढत ती उसात गेली. ते पिल्लू तिच्या मानाने काही लहान नव्हतं. थोड्या वेळाने ती परत आली आणि दुसरं घेऊन गेली. रुबिना ओठ चावत होती. आता एकच राहिलं होतं आणि ते एकटंच आता मोठ्याने ओरडत होतं.

तेवढ्यात गाणं ऐकू आलं. तुटलेला ऊस भरून न्यायला राहिलेल्या खेपेचा ट्रॅक्टर येत होता. आमच्याकडे उसाचा ट्रॅक्टर म्हणजे वर चार लाइटा, दोन भोंगे आणि जगातलं सगळ्यात मोठ्या आवाजातलं गाणं. वळणावरून त्याचा उजेड शेतावर फिरला आणि उसाच्या कडेला येऊन थांबलेली वाघाटी त्या उजेडात क्षणभर दिसली, कान मागे टाकलेली. मग ती उसात मागे सरकली.

"पप्पू हाय," लंकाबाई म्हणाली. "सोमाजीचा पोरगा. गाडी आत घालनार त्यो, पाटीवरनंच."

रुबिनाने फोन काढला, पण त्या गाण्यात फोन कुणाला ऐकू जाणार. "ती घाबरली तर दोघांना घेऊन जाईल," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "तिसऱ्यासाठी परत येईलच असं नाही." माझं दार शेताच्या बाजूला होतं, मी उतरलो असतो तर वाघाटीने मलाच आधी पाहिलं असतं. रुबिना मध्ये अडकलेली. मी टेम्पो सुरू करू की नको करत होतो.

लंकाबाईने दार उघडलं.

खाली उतरून तिने चपला काढून हातात घेतल्या, आवाज नको म्हणून, पदर खोचला आणि त्या अंधारात, ज्या बांधावर तिच्या नवऱ्याला ओढलं होतं त्याच बांधावरून, झपझप चालत रस्त्याकडे गेली. ट्रॅक्टरच्या उजेडात ती मला दिसली, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभी. ट्रॅक्टर करकचून थांबला. गाणं बंद झालं. मग एकामागून एक चारही लाइटा विझल्या.

एकदम इतकी शांतता झाली की पाटीतल्या पिल्लाचा आवाज शेतभर ऐकू येत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला पाटी आता दिसत नव्हती, नुसता एक काळसर ठिपका. मग पिल्लाचा आवाज मध्येच तुटला, पाचट किंचित वाजलं, आणि तो आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा तो उसातून येत होता.

रुबिना रडायला लागली. माझी ही बहीण, जी मेलेल्या पिल्लांची मापं घेते, ती दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती. मीही रडलो, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही.

आम्ही टेम्पो तिथेच ठेवून रस्त्यावर गेलो. पप्पू स्टिअरिंगवर हात ठेवून गुपचूप बसला होता, त्याला अजून काही कळलं नव्हतं. लंकाबाई ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभी होती, चपला अजून हातातच.

"घिऊन गेली?" तिने विचारलं.

"तिन्ही," रुबिना म्हणाली. मग तिने लंकाबाईचा हात धरला. "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. आजून वाटती." लंकाबाईने उसाच्या त्या काळ्या कोपऱ्याकडे बघितलं. "पर ती येवढीशी बाई आमच्यातनं तीन येळा आली आन गेली. तिला आमची भीती वाटत नसंल व्हय?"

रुबिनाने तिचा हात सोडला नाही, आणि गाडीचा आवाज नको म्हणून टेम्पो तिथेच उभा ठेवून आम्ही तिघं बांधावरून तिच्या घरापर्यंत चालत गेलो.